शांतीचे सहा

साखरेने डोळे नेले, तरी माझगावच्या चाळीतल्या शांती कोळिणीचा आवाज काही खाली आला नव्हता. रोज दुपारी ल्यूडोत जिंकली की गॅलरीत उभी राहून ती तळमजल्यापर्यंत ऐकवायची, "लक्ष्मीला आज परत धुतली!"

लक्ष्मी म्हणजे शेजारीण, मूळची मालवणची. फासा टाकायची शांती, वाचायची लक्ष्मी. सोंगट्याही तीच सरकवायची, कारण शांतीने चाचपायला हात घातला की अर्धा डाव कॉटखाली.

शेवटी शांतीच्या लेकीने, नूपुरने, प्लायवूडचा पट करून आणला. प्रत्येक घराला भोक, त्यात सोंगटी घट्ट बसायची. शांतीच्या सोंगट्यांवर ब्लाउजची बटणं चिकटवलेली, लक्ष्मीच्या गुळगुळीत. फासा लिंबाएवढा, लाकडी, आणि टिंबांच्या जागी खिळ्यांची डोकी.

पहिला फासा शांतीने टाकला.

"सहा पडले गो!" लक्ष्मी सवयीने ओरडली.

शांतीने फाशावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "दोन आहेत."

लक्ष्मीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"कधीपासनं चाललंय हे?"

"सात महिने झाले असतील."

"सात महिने तर मी जिंकतेय!"

"कधीकधी पडत पण होते सहा," लक्ष्मी पुटपुटली. "तू नुसती भिंतीकडे तोंड करून बसायचीस. माका बघवेना. जिंकलीस की दोन घास जेवायचीस तरी."

"तीस वर्षं मासळी विकली, गिऱ्हाईकाला एक बोंबील फुकट सोडला नाय मी! आणि तू मला सहा वाटतेस?" शांती कडाडली. मग गॅलरीतल्या आरोळ्या आठवून तिचे कान तापले. "चाळीत कुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना," नूपुर म्हणाली.

शांती पट पुढ्यात ओढून म्हणाली, "मांड. आणि तोंड बंद ठेव."

त्या दुपारी ती लागोपाठ तीन डाव हरली. चौथ्यात लक्ष्मीची शेवटची सोंगटी घराच्या रांगेत वळण्यापासून चार पावलांवर आली होती. शांतीने फासा टाकला, खिळे मोजले, पाच. बटणाची सोंगटी एकेक भोक चाचपत पुढे नेली, तर पाचव्या भोकात काहीतरी गुळगुळीत हाताला लागलं. तिने ते उपटून काढलं.

लक्ष्मीने मालवणीत अशी काही शिवी हासडली, की नूपुरने दार लावून घेतलं.

"ही खरी," शांती खूश होऊन म्हणाली, आणि फासा लक्ष्मीच्या हातात दिला.