जैतू नाय म्हणाला

"पानी पाज, पन लवकर," हवालदार म्हणाला आणि कैद्याला बांधलेल्या दोरीचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून कर्जतच्या कोर्टाच्या ओट्यावर विडी पेटवायला वळला.

जिजाने तांब्या नवऱ्याच्या तोंडाशी धरला. जैतूचा ओठ सुजला होता, निम्मं पाणी हनुवटीवरून ओघळलं. तिने ते पदराने टिपलं. काखेतला कान्हा बापाला बघून हातपाय नाचवायला लागला. अजून दात न आलेलं पोर, त्याला दोरी काय कळणार?

"तुजा बा बोललाय, हो म्हन," ती कुजबुजली. पळसदरीहून चालत येताना ती एवढंच घोकत आली होती. "हो म्हटलं का पंधरा दिस, मग मोकळा. नाय म्हटलंस तं किती दिस ठेवतील, कोन सांगनार?"

कातकरवाडीतली ही जुनीच रीत. गावात कुणाची कोंबडी गेली, घमेलं गेलं, की पोलीस आधी वाडीत यायचे. जैतूचा बाप चांगो तीनदा हो म्हणाला होता. त्यातल्या एका चोरीच्या वेळी तर तो तापाने फणफणून खोपीत पडलेला. तरी हो म्हणाला, आणि परत आला. परत येणं महत्त्वाचं.

या खेपेला गजा पाटलाच्या खळ्यावरून भात गेला आणि जैतूच्या खोपीत अर्धी टोपली भात सापडला. तो उंदरांच्या बिळांतला होता. उंदरांनी बांध पोखरला म्हणून पाटलानेच जैतूला खणायला बोलावलं होतं. उंदीर आणि बिळातल्या लोंब्या खणणाऱ्याच्या, हे सगळ्या गावाला ठाऊक. पोलिसांपुढे मात्र पाटलाला आठवेना. आता तो समोरच्या चहाच्या टपरीवर पाठ करून बसला होता.

"आन पुढल्या खेपेला?" जैतूने विचारलं.

"पुढलं पुढं बगू रं."

"बा हो म्हनला, म्हनून माज्या दारात आले. आज मी हो म्हटलं, तं मंग कुनाच्या दारात जातील गं?" त्याने बांधलेल्या हातांनीच पोराच्या तळव्याला बोट लावलं. "कान्हू," तो हळूच म्हणाला.

जिजाची चोळी दुधाने भिजली होती आणि पोराला पाजायचंही तिला सुचत नव्हतं.

आत आधी खोपोलीकडचा एक कातकरी उभा राहिला. प्रश्न पुरता व्हायच्या आत हो म्हणाला. पंधरा दिवस. मग जैतूला पुढे ढकललं.

"गुन्हा कबूल?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

दाराशी उभ्या जिजाचे ओठ आपोआप 'हो' म्हणून हलले.

"नाय, साहेब. उंदरांच्या बिळातला भात हाय त्यो."

"मग उंदरांना बोलवा साक्षीला!" कुणीतरी म्हणालं आणि कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"जामीन कोण?"

कुणी नव्हतं. जिजाने वळून टपरीकडे पाहिलं. बाकडं रिकामं होतं.

साहेबांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली. तोवर तुरुंग. हो म्हणालेला माणूस जैतूच्या आधी घरी पोचणार होता. आपण मोठ्याने ओरडून हो म्हणायला लावलं असतं तर? पण जैतू ताठ चालत बाहेर आला. कोर्टातून निघताना चांगोला असं ताठ चाललेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

हवालदार तसा वाईट नव्हता. पायऱ्यांशी तो घटकाभर थांबला, कान्हाच्या गालाला त्याने बोट लावलं. पोर खुदकन हसलं.

"गुबगुबीत हाय गं तुजा पोरगा! नाव काय ठेवलंस?"

जैतूची मान झटकन वर झाली. जिजाने पोराला छातीशी ओढलं, त्याच्या तोंडावरून पदर घेतला.

"नाय ठेवलं अजून," ती म्हणाली.