कुंडी बरी झाली

कपड्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळी दहालाच खुर्च्या संपल्या. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे राहिले. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या सोनेरी डबीकडे. डबीतून दोन तारा निघाल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना पितळी कांड्या होत्या.

"हात कोरडे करा. संसाराची धूळ पुसून टाका," किरणगुरू म्हणाले. "हं, आता धरा."

निवृत्त पोस्टमनने टॉवेलला हात पुसून कांड्या धरल्या. लाल दिवा लागला.

"यकृत!" गुरू म्हणाले. "पण काळजी नको."

मग त्यांनी पोस्टमनच्या तळहातांवर शक्तिजल ओतलं, तीन फुंकरी मारल्या आणि पुन्हा कांड्या धरायला लावल्या. दिवा हिरवा झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पोस्टमनलाही नवल वाटलं, कारण आला तेव्हा त्याचा गुडघा दुखत होता.

तिसऱ्या रांगेत ताई बसली होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ती घरी खटपटी करी. टाकी भरली की बोंब मारणारी घंटा, कपाट उघडलं की लागणारा दिवा, असलं काहीबाही. सगळं साबणाच्या डब्यांत बसवलेलं. तिच्या शेजारी धाकटी बहीण होती. तिला मधुमेह. तीन दिवसांपूर्वी याच डबीने तिला हिरवा दिवा दाखवला आणि तिने इन्सुलिनची सुई बंद केली. तहान भागेना म्हणून आज सकाळपासून तिने दुसऱ्यांदा पाण्याची बाटली भरून घेतली होती.

"अगं, जीवाशी खेळ आहे हा," ताईने परोपरीने सांगितलं होतं.

"तू एकदा बघ तरी. खोटं निघालं तर घेईन सुई."

म्हणून ताई आली होती आणि बघत होती. बघता बघता तिला गाठ दिसली.

तार डबीत शिरते तिथे आतल्या बाजूने एक गाठ मारलेली होती, तिचा फुगवटा भोकातून दिसत होता. ओढ बसली तर गाठीवर बसावी, कथिलाचा डाग देऊन सांधलेल्या जोडावर नाही, म्हणून ताई अशी गाठ मारी. शिवाय लाल दिवा हिरव्यापेक्षा किंचित वर होता, कारण भोक पाडताना तिचा हात सरकला होता. सोनेरी रंग फासला म्हणून काय झालं, पोटचं पोर ओळखू येतंच!

दोन वर्षांपूर्वी वाचनालयातल्या विक्रीत एका गृहस्थाने तिच्याकडून 'कुंडीचा पहारेकरी' नावाची, मातीची ओल सांगणारी डबी घेतली होती. "कोरडं असलं की लाल, ओलं झालं की हिरवा, नक्की ना?" असं त्याने तीनदा विचारलं होतं. किती अभ्यासू माणूस, असं तेव्हा ताईला वाटलं होतं.

ती उठली. खिडकीतली सुकलेली कुंडी तिने टेबलावर आणून ठेवली.

"गुरुजी, हिचंही बघा. प्राणशक्ती झाडातही असते ना?"

"असते, असते!" गर्दी म्हणाली. गुरूंना नाही म्हणता येईना.

कांड्या मातीत खोचल्या. लाल.

"यकृत!" मागून कुणीतरी ओरडलं.

ताईने धाकटीच्या बाटलीतलं साधं पाणी कुंडीत ओतलं. हिरवा.

"फुंकर राहिली," ताई म्हणाली. "पण कुंडी बरी झाली." मग मुलांना समजावावं तशी ती सावकाश बोलली. "पाण्यातून वीज थोडी जाते. कोरड्या हातातून त्याहून फारच कमी. डबी एवढंच मोजते. कोरडा हात लाल, ओला हात हिरवा."

"यंत्र निमित्तमात्र आहे," गुरू गरजले. "शक्ती माझी!"

"मग यंत्र मला द्या, शक्ती ठेवा तुम्ही."

तिने झाकण उघडलं. आत तिच्याच अक्षरातली चिठ्ठी होती. पोस्टमनने सवयीने ती मोठ्याने वाचली, "लाल दिवा लागल्यास पाणी घालावे. खत महिन्यातून एकदा."

मग खुर्च्या सरकू लागल्या.

जिन्यात धाकटीने विचारलं, "तूच बनवलीस ती?"

"मीच. म्हणून तर सांगते. तिला साखरेतलं काही कळत नाही."

"चल मग, डॉक्टरांकडे."

डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला, आकडा बघितला आणि धाकटीला आधी सुई दिली, मग बोलणी.

त्या आठवड्यात ताईने घरातल्या प्रत्येक डबीवर बाहेरून चिठ्ठी चिकटवली. यात काय कळतं, काय कळत नाही. आत लिहिलेलं कोण वाचतं? कुणी दिवा दाखवला तर हात जोडण्याआधी विचारावं की तो कशाने लागतो. खऱ्या दिव्याला त्या प्रश्नाचा राग येत नाही.