सारुनआजीला आणायला गेलेली टोपली

खड्, खड्, खड्.

सगळं घर गप्प होतं आणि भाताच्या पातेल्यावरचं झाकण तेवढं नाचत होतं. पाणी उतू जाऊन चुलीत पडत होतं. चुलीसमोरच सारुनआजी बसली होती. ती झाकणाकडे बघत होती, पण उठत नव्हती. हे काय आहे आणि याचं काय करायचं असतं, ते कुणीतरी येऊन सांगेल म्हणून ती थांबली होती जणू. शेवटी झाकण घरंगळत खाली पडलं आणि करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला.

मित्रांनो, मी तिच्या डोक्यावरच होते. चुलीच्या वर, धुरात टांगलेली. मी मासे उपसायची एक जुनी टोपली आहे. मला हात असते तर मीच ते झाकण उचललं असतं.

माझी गोष्ट मला सरळ सांगता येईलच असं नाही. धुरात फार दिवस राहिले की आधीचं नंतर येतं आणि मधलं कुठेतरी निसटतं. तेवढं सांभाळून घ्या.

मला हीमआजोबांनी विणलं, हे मात्र पक्कं आठवतं. त्यांनी घरामागचा बांबू तोडला, तळ्याच्या चिखलात पुरून मुरवला आणि मग त्याच्या कामट्या काढल्या. माझं तोंड रुंद, पाठ निमुळती आणि काठाला वेताची वीण. सारुन तेव्हा नवी नवरी होती. मला हातात घेऊन ती म्हणाली, "अहो, एवढी मोठी? मला मासे धरायचेत की म्हैस?" आजोबा हसले आणि काठ थोडा लहान केला. तेव्हापासून तिचा हात माझ्या काठावर जिथे बसायचा, तिथे एक खळगा पडला. तो अजून आहे.

भातखाचरातलं पाणी उतरू लागलं की आम्ही दोघी चिखलात उतरायचो. ती पायाने पाणी ढवळायची, मी पुढे असायचे. मासा आत आला की मला लगेच कळायचं. माझ्या अंगभर गुदगुल्या व्हायच्या. शेजारची नारीमावशी बांधावरून ओरडायची, "सारुन, आमच्यासाठी दोन तरी ठेव गं! टोपली आहे की बगळा?" मला ते ऐकून फार बरं वाटायचं. ते मासे मीठ लावून रांजणात मुरायचे आणि वर्षभर घराला पुरायचे.

मग नायलॉनची जाळी आली. हीमआजोबा गेले. आजीची लेक कुंथिया शहरात शिवणाच्या कारखान्यात कामाला लागली आणि तिची चिमुकली रुमदूल आजीपाशी राहू लागली. मला भुंगा लागू नये म्हणून आजीने चुलीवर टांगलं. पुढे माझी एक कामटी तुटली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि एक दिवस आजीच्या पोटात दुखायला लागलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिच्या पित्ताच्या पिशवीतले खडे काढले. त्यासाठी तिला पुरती भूल दिली. हे सगळं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. शस्त्रक्रिया चांगली झाली असं सगळे म्हणत होते. पण घरी आली ती आजी मला ओळखीची वाटेना. खांबांवर उभ्या आमच्या घराचा जिना चढताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "कुणाचं घर आहे हे? चपला काढू का?"

पहिले काही दिवस तिला भिंतीवर मासे दिसायचे. मग ते गेले, पण धुकं राहिलं. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सुटायचं. तिने आमटीत दोनदा मीठ घातलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "मीठ घातलं का?" एक चप्पल तांदळाच्या डब्यात सापडली. संध्याकाळ झाली की ती दाराकडे बघायची. "हीम आले नाहीत अजून?" आणि रुमदूलला ती कुंथिया म्हणायची.

"मी रुमदूल आहे, आजी."

"हो का?" आजी हसून म्हणायची. "शहाणी आहेस. तुझी आई कुठे असते?"

रुमदूल मग जिन्याखाली जाऊन बसायची.

डॉक्टरांनी कुंथियाला सांगितलं होतं, "वय झालंय आजींचं. भुलीनंतर काहींना असं धुकं येतं. बहुतेक वेळा हळूहळू निवळतं. त्यांना झोपू द्या, पाणी द्या, ओळखीची माणसं आणि वस्तू जवळ असू द्या." पण हळूहळू म्हणजे किती, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं आणि कुंथियाची रजा संपत आली होती. ज्या दिवशी भात करपला, त्या दिवशी ती नारीमावशीला म्हणाली, "हिच्या भरवशावर पोरीला कशी ठेवू? उद्या घर पेटलं तर? मी रुमदूलला घेऊन जाते."

"आणि तिथे ती दिवसभर काय करणार?"

"खोलीला बाहेरून कुलूप लावीन," कुंथिया म्हणाली. आणि हे बोलून झाल्यावर तिने स्वतःचंच तोंड हाताने झाकलं.

आमच्याकडे माणसाला एकोणीस जीव असतात. घाबरलं, पडलं, फार आजारी झालं, की त्यातले काही वाटेत राहून जातात. मग त्यांना हाका मारून, मासे उपसावेत तसे टोपलीत उपसून घरी आणतात. हे काम गावातले पूजाविधी सांगणारे आचार म्युन करतात. कुंथियाने त्यांना बोलावलं आणि बाजारातून नवी गुलाबी प्लास्टिकची टोपली आणली.

"हे काय?" आचार म्हणाले. "भाजी धुवायची आहे का?"

"घरातली पार काळी झालीय, आचार. जीव आत यायला बिचकतील."

"जीव म्हणजे काय तुझ्या कारखान्याचे साहेब आहेत?"

पण टोपली आणलीच होती, म्हणून ते तिलाच घेऊन तळ्याकाठी गेले. आजारी माणसाचे जीव आमच्या गावात नेहमी तिथेच शोधतात. मला वरून सगळं ऐकू येत होतं. खरं सांगू, मला वाईट वाटलं. परत आल्यावर आचारांनी जिन्यापाशी विचारलं, "आले का सगळे?" आणि सगळे ओरडले, "आले, आले!" आजीच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. तिने तो नीट पाहिला आणि विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

चार दिवस गेले. धुकं तसंच होतं. मग रुमदूल आचारांकडे गेली आणि त्यांचा हात धरून त्यांना घरीच घेऊन आली.

"आजी तळ्यावर हरवलीच नव्हती," ती म्हणाली. "मी तिचा हात धरला होता. दवाखान्याच्या त्या मोठ्या दारातून आत गेली तेव्हा ती होती. बाहेर आणली तेव्हा नव्हती."

आचार कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं कुंथिया, आपण म्हैस गोठ्यात हरवली आणि शोधली बाजारात!" त्यांनी वर बघितलं. थेट माझ्याकडे. "ती काळी खाली काढ. जिच्या काठाला सारुनचा हात बसलाय ती."

अशी मी किती वर्षांनी खाली आले, कुणास ठाऊक. आजीला नारीमावशीपाशी ठेवून मोटारसायकलला जोडलेल्या गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. रुमदूलने मला मांडीवर घेतलं होतं. दारावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं.

"ओ बाई, इथे तळं दिसतंय का कुठे?"

"मासे नकोत बाबा," आचार म्हणाले. "आमच्या म्हातारीचे जीव राहिलेत तुमच्याकडे."

"किती?"

"एकोणीस घेऊन आली होती. परत किती नेले, ते तुम्ही तरी मोजलेत का?"

पहारेकऱ्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "या दारातून पेशंट आत जातात. बाहेर येतात ते मागच्या दाराने. मागे चला. माझ्या आईच्या वेळी मीही आधी इथेच उपसत बसलो होतो. आणि लवकर उरका, मोठे डॉक्टर येतील."

"दोन्हीकडे उपसू," रुमदूल म्हणाली.

मग त्यांनी मला हवेत बुडवलं. एकदा पुढच्या दाराशी, एकदा मागच्या. आचार हाका मारत होते, "ये गं सारुन, ये! या औषधाच्या वासात काय बसलीस? चूल पेटलीय, भात झालाय, कोंबड्या खुराड्यात गेल्यात. घरी चल!" कुंथियाला हुंदका आवरेना. रुमदूल माझ्या काठावर वाकून ओरडली, "आजी, चल! आज तुझीच टोपली आणलीय!"

मित्रांनो, तेव्हा मी इतकी गोंधळले होते की काय सांगू. मासा आला की मला कळतं. जीव आला तर कसं कळायचं? ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. वारा आला आणि गेला. माझ्या तुटक्या कामटीतून काही निसटलं का? की तिथेच काही अडकलं? आचारांनी माझ्या तोंडावर चौकड्यांचा पंचा बांधला. वाटेत डास चावला तरी रुमदूलने माझ्यावरचा हात काढला नाही. कुंथिया ट्रकवाल्यांवर खेकसत होती, "हॉर्न नको वाजवू रे! घाबरतील!"

घरी जिन्याशी पुन्हा तोच प्रश्न झाला, "आले का?" आणि पुन्हा "आले, आले!" आजीने पंचा सोडून आत डोकावलं.

"यात तर काहीच नाही," ती म्हणाली. "एवढी माणसं जमलीत, कोण गेलं?"

कुंथिया आत गेली आणि रुमदूलचे कपडे पिशवीत भरू लागली.

मला कुणी परत वर टांगलं नाही. सगळे इतके थकले होते की मी आजीच्या चटईपाशीच राहिले. कुंथियाच्या रजेच्या उरलेल्या दिवसांत आजीचा हात रोज माझ्यावर पडायचा. आधी नुसता पडायचा. मग बोटं काठावरून फिरायला लागली. त्या खळग्यात येऊन थांबायला लागली. एका सकाळी तिला माझी तुटकी कामटी सापडली. तिने ती ओढून काढली, नाक मुरडलं आणि घरामागून बांबूचा तुकडा आणला. मान खाली घालून ती तो तासू लागली. मध्येच, वर न बघता, तिने हात पुढे केला.

"रुमदूल, ती छोटी सुरी दे गं. हिला धार नाही."

कुंथिया चुलीपाशी होती. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. रुमदूलने सुरी दिली आणि आजीच्या कुशीत डोकं खुपसलं.

"अगं, लागेल ना!" आजी म्हणाली. "झालंय काय तुम्हाला?"

त्या दिवशी रुमदूलचे कपडे पिशवीतून पुन्हा फळीवर गेले. कुंथिया एकटीच शहरात परतली. संध्याकाळची चूल काही दिवस नारीमावशीनेच पेटवायची, असं ठरलं. कुंथिया जाताना आजीला म्हणाली, "आई, जपून," आणि आजी म्हणाली, "तूच जप. आणि तिथे नीट जेवत जा, वाळली आहेस."

हे मी केलं, की दिवसांनी केलं, की डॉक्टर म्हणाले तसं आपोआप निवळलं? मला माहीत नाही. मी टोपली आहे. पण एवढं मागते: तुमच्या घरातलं कुणी दवाखान्यातून येऊन असं धुक्यात उभं असेल, तर त्याला हसू नका, रागावू नका. त्याला नावाने हाक मारत राहा. त्याच्या हाताला ओळखीचं काहीतरी द्या, काळं पडलेलं असलं तरी.

आता खाचरातलं पाणी उतरलंय. आम्ही तिघी चिखलात उतरतो. आजी अजून कधीमधी वाक्य विसरते. दवाखाना तर तिला मुळीच आठवत नाही. दारातून आत जाणं नाही, बाहेर येणं नाही, भिंतीवरचे मासेही नाहीत. "तेवढं पान कुणीतरी फाडून नेलंय," म्हणते आणि पाणी ढवळू लागते.

काल मासे काढून झाल्यावर आजी बांधावर बसून पाय धूत होती. रुमदूलने मला उलटं करून झटकलं, पुन्हा सरळ धरलं आणि माझ्यात तोंड घालून हळूच विचारलं,

"आजी झोपली नव्हती, मेलीही नव्हती. तू आणलंस ना तिला? मग सांग, तोवर ती कुठे होती?"