उजव्या चाकाचा सिलिंडर

आमच्या मुलीचा, अलकनंदाचा साखरपुडा झाला ते १९८३ साल. फेब्रुवारीतला रविवार होता. आमची खोली लहान, म्हणून समारंभ माझ्या मेहुण्याच्या, श्रीरंगच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरमधल्या सरकारी क्वार्टरात ठेवला होता. आदल्या दिवशी, शनिवारी, मी खंडेराव शिंगटेच्या ट्रकचे ब्रेक बसवले.

खंडेराव माझ्याच तालुक्यातला. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या वर्कशॉपमध्ये आम्ही पंधरा वर्षं बरोबर काढली. तो फौजी ड्रायव्हर, मी तिथला बिनवर्दीचा फिटर. नोकरी संपल्यावर गावी कोणीच गेलो नाही. मी पत्र्याचं गॅरेज टाकलं. त्यानं लष्कराच्या लिलावातून एक म्हातारा ट्रक उचलला. तिकडे नोएडात सेक्टर उठत होते आणि विटा वाहायला गाड्या कमी पडत होत्या. एका ठेकेदारानं त्याला सांगितलं होतं, सोमवारी सकाळी गाडी भट्टीवर उभी पाहिजे, नाहीतर दुसरी लावतो.

आणि ट्रकला ब्रेकच नव्हते. असल्या गाडीचे नवे भाग मिळणं कधीच बंद झालं होतं. मी मायापुरीच्या भंगार बाजारात तीन दिवस फिरलो. मास्टर सिलिंडर एका टँकरचा मिळाला, मागची दोन्ही चाकं एका मोडलेल्या बसच्या सामानावर जमली. पुढच्या डाव्या चाकाला अगदी तसल्याच ट्रकचा सिलिंडर मिळाला. त्याच ट्रकचा उजवा मात्र गंजून फुटलेला. म्हणून उजव्याला दुसऱ्याच एका बसचा आणला. बोल्टची भोकं तीच, पाइपचे आटे तेच. गॅरेजात येऊन आत बोट घातलं तेव्हा कळलं, हा सूतभर मोठा आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

मोठा सिलिंडर शूला, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्यांना, चाकाच्या ड्रमवर जास्त जोरानं दाबतो. एक चाक जास्त धरलं की गाडी त्या चाकाकडे ओढते. पुढच्या दोन चाकांना नेहमी एकाच गाडीची जोडी लावायची, हे वर्कशॉपमध्ये पहिल्या महिन्यात शिकवायचे.

"खंड्या, ही जोडी नाही," मी म्हणालो. "उद्या परत मायापुरी करावी लागेल."

"उद्या पोरीचा साखरपुडा आहे तुझ्या. व्याही दारात आणि तू भंगारात? शेवंता वहिनी तुलाच तिथं वजनावर विकून येतील."

"मग सोमवारी जाऊ."

"सोमवारी ठेकेदार काय माझी आरती ओवाळेल? अरे यार, सूतभर तर आहे. आमच्या हौसाच्या दोन भाकऱ्या कधी एका मापाच्या झाल्यात का? खातोच ना मी."

मी हसलो. मग गॅरेजवाले करतात ती युक्ती केली. उजव्या चाकाचे शू थोडे ढिले ठेवले, म्हणजे ते ड्रमला उशिरा टेकतील आणि ओढ मारली जाईल. रिकामा ट्रक घेऊन आम्ही एक चक्कर मारली. खंडेरावनं ब्रेक दाबत दाबत स्टीअरिंगवरचे दोन्ही हात काढले. गाडी सरळ थांबली.

"बघ. मक्खन."

"माल भरून एकदा जोरात दाबून बघायला हवं."

"विटा काय तुझ्या खिशात आहेत? चल, पेढे आणायचेत ना तुला?"

मला सरोजिनी नगरला जायचं होतं, ते खरंच. मी हात धुतले. ढिल्या शूची युक्ती हलक्या पायाला चालते. माल भरलेला असताना कुणी जीव खाऊन पेडल दाबलं की ढिले शूही टेकतात, आणि एकदा टेकले की मोठा सिलिंडर आपला जोर दाखवतोच. हे मला नंतर सुचलेलं नाही. हात धुताना माहीत होतं.

रविवारी खंडेराव इस्त्रीचा शर्ट घालून हौसाबाईबरोबर आला. चार जिलब्या खाल्ल्या. माझ्याकडे बोट करून व्याह्यांना सांगत होता, "बळवंताच्या हाताखालून गेलेली गाडी म्हणजे बिल्कुल नवी."

सोमवारी भट्टीवरून विटा भरून तो निघाला. एका उताराला एक सायकलवाला आडवा आला. खंडेरावनं पूर्ण ब्रेक दाबला. ट्रक उजवीकडे वळला, रस्ता ओलांडून पलीकडच्या निंबाच्या झाडावर गेला, आणि मागच्या विटा केबिन फोडून पुढे आल्या. सायकलवाल्याला खरचटलंही नाही.

पोलिसांनी मला बोलावलं. ब्रेक कोणी बसवले, ठीक होते का, असं विचारलं. मी म्हणालो, ठीक होते. त्यांनी हिंदीत काहीतरी लिहून मला वाचून दाखवलं. गाडी भरधाव होती, चूक चालकाची. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, मी खाली अंगठा दिला.

तेराव्याला हौसाबाईंनी मला बाजूला घेतलं.

"भाऊजी, ब्रेक बरोबर होते ना?"

"होते, वहिनी."

"मग पळवलीच असेल. पहिली खेप ना, ठेकेदाराला दाखवायचं असेल."

त्यानंतर त्या तेच बोलत राहिल्या. शेजाऱ्यांना, गावाकडच्या माणसांना, स्वतःच्या दोन्ही मुलांना. बापाला घराची फिकीर असती तर गाडी हळू चालवली असती, म्हणायच्या. घरात त्याचा फोटो लावू दिला नाही. मी दर दिवाळीला जायचो, फराळ खायचो, ऐकायचो आणि परत यायचो.

१९९४ च्या दिवाळीत त्यांच्या नातीनं विचारलं, "आजोबा रॅश चालवायचे ना?" चार वर्षांची पोर. मी हातातली करंजी ताटलीत ठेवली. पोरगी बाहेर खेळायला गेल्यावर मी हौसाबाईंना सगळं सांगितलं. सूत, ढिले शू, पेढे, अंगठा.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अकरा वर्षं मी त्याला शिव्या दिल्या, भाऊजी. पोरांच्या देखत दिल्या."

मी ताटली बाजूला सरकवली.

"तेराव्याला विचारलं होतं मी तुम्हाला."

"हो."

"चहा ठेवलाय, तो घ्या. आणि परत येऊ नका."

मी चहा घेतला आणि उठलो. त्यानंतर त्या घरी गेलो नाही.

खंडेराव शिंगटे सोमवार, २१ फेब्रुवारी १९८३ रोजी सकाळी नऊच्या सुमारास वारला. तो शेहेचाळीस वर्षांचा होता.