ब्रीला लागलेली तुपाची चटक

मार्चमध्ये उणे वीस असलं की पार उत्तरेकडच्या फेअरबँक्स गावातले लोक म्हणतात, "आज बरं ऊन पडलंय!" तसल्या बऱ्या उन्हात इला स्लेजवर, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या गाडीवर, उभी होती आणि पुढे जुंपलेली चार कुत्री घरावर दरोडा पडल्यासारखी बोंबलत होती. सुटायच्या आधी त्यांचा हा तमाशा ठरलेलाच. एकदा सुटली की चिडीचूप.

कुत्री शेजारच्या डॉनाची. एका वेळच्या पिल्लांना ती एकाच घराण्यातली नावं द्यायची. ही चौघं चीज घराण्यातली: ब्री, चेडर, गौडा आणि रिकोटा. ब्री सगळ्यांच्या पुढे, लीडर. ती वळेल तिकडे बाकीची वळणार.

शनिवारी मुलांची स्लेजची शर्यत होती आणि इलाला दुसरं काही सुचतच नव्हतं. गणिताच्या वहीतसुद्धा कुत्री धावत होती. डॉनाची अट एकच. एकटीने तळ्याला वळसा घालून, मध्ये कुठेही न थांबता परत ये, मग शर्यतीत टीम तुझी.

सोप्पं! फक्त वाट इलाच्या घरामागून जायची आणि घरात आई होती.

इलाची आई रत्ना नागपूरची. दारी आलेल्याला रिकाम्या तोंडी पाठवणं तिला जमायचंच नाही, मग तो कुरिअरवाला असो की कुत्रा. हिवाळाभर सरावाच्या वेळी डॉना तिची मोठी टीम घेऊन पुढच्या वळणाआड गेली, की मागून येणाऱ्या इलासमोर आई तुपाने निथळणारी पोळी घेऊन हजर!

"बिचारी किती पळतात गं! ए बाळा, आ कर."

"आई, धावताना खायला द्यायचं नसतं!"

"एवढासा तुकडा. तू पण घे."

मग काय, इलाही घ्यायची. गरम पोळीला नाही म्हणायला ती काय वेडी होती?

तर डॉनाने "जा!" म्हटलं आणि स्लेज सुटली. बर्फाची नुसती सुरसुर. चेडरने धावता धावताच आपला सकाळचा कार्यक्रम उरकला आणि इलाने नाक दाबलं, पण काय मजा येत होती! तेवढ्यात घर आलं. ब्रीने वाट सोडली. सगळं चीज घराणं अंगणात शिरलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पंगतीला बसल्यासारखं ओळीने बसलं.

"आली का माझी बाळं!" आतून आवाज आला.

मागून बर्फावरच्या स्कूटरवर, स्नोमोबाइलवर, डॉना आली. तिने कुत्री पाहिली, पोळी पाहिली, सगळं कळलं.

"इला, ही रेसची टीम आहे की रेस्टॉरंटची लाइन? उद्या शाळा सुटल्यावर एक शेवटचा चान्स. इथे थांबलीस, तर शनिवारी तू प्रेक्षकांत."

रात्री जेवताना इलाने हात जोडले. "आई, उद्या बाहेर यायचं नाही. प्लीज यार."

"आणि ती दारात आली तर? दार लावून घेऊ तोंडावर?"

"हो! इट्स अ रेस, आई, लग्न नाहीये!"

"बरं बाई, नाही येत."

दुसऱ्या दिवशी वळण घेतलं आणि इला बघते तर काय! आई अंगणात उभी!

"नुसती बघायला आलेय गं!"

मग हातातली ताटली काय बघायला आली होती?

ब्रीचे कान टवकारले. ती घराकडे ओढायला लागली. अशा वेळी कुत्र्यांना सांगायचं 'ऑन बाय', म्हणजे तिकडे बघू नकोस, सरळ चल. पण इला हुकूम असा सोडायची, जणू टीचरकडे बाथरूमला जायची परवानगी मागतेय.

"ऑन बाय, ब्री... प्लीज?"

ब्रीने ढुंकूनही पाहिलं नाही. एक पाय वाटेबाहेर पडलासुद्धा. शनिवार हातातून चालला! आणि इलाच्या पोटातून कुठून तरी आवाज फुटला,

"ब्री! ऑन बाय! आणि आई, तू घरात जा!"

कुत्री दचकली. ब्रीने पोळीकडे पाहिलं, इलाकडे पाहिलं आणि सरळ सुसाट निघाली. मागे धाडकन दार लागलं. पुढच्या उतारावर इला आडवी पडली, पोटावर फरपटली, तोंडभर बर्फ खाल्ला, पण स्लेजची दांडी सोडली नाही. धडपडत पुन्हा उभी राहिली.

तळ्याला वळसा घालून टीम परत आली, तेव्हा डॉनाने इलाच्या टोपीवरचा बर्फ झटकला. "शनिवारी लवकर ये. कुत्र्यांच्या पायांत मोजे तूच घालायचेस."

इलाने तिला मिठी मारली, ब्रीला मारली, चेडरलासुद्धा मारली. आणि मग एकदम आठवलं. आपण आईला काय म्हणालो!

ती चोरपावलांनी घरात शिरली. आई सुलभामावशीशी फोनवर होती.

"अगं, ओरडली माझ्यावर! कुत्र्यांदेखत! ... छे गं, रागावतेय कसली, मी घाबरून खरंच आत पळाले! वर्गात नाव विचारलं तरी जिचा आवाज निघायचा नाही, ती ही! तळं हादरलं, सुलभा!" एवढ्यात तिला इला दिसली. तिने घाईघाईने चेहरा कडक केला आणि फोन ठेवला. "काय गं, आईवर ओरडतेस?"

"सॉरी." इलाचं हसू आवरेना. "पण मला टीम मिळाली!"

"मिळाली? अगं बाई!" कडक चेहरा गेला कुठल्या कुठे. "मग शनिवारी मी कुठे उभी राहू?"

"पार्किंगमध्ये," इला म्हणाली. "गाडीत. काचा वर करून."