चार फुल्या

नातीची, तनुजाची हळद दळायची होती रविवारी, आणि भागूबाईचा उजवा खांदा जात्याच्या खुंट्यापर्यंत हात जाऊ देईना. करमाड गावात जात्यावरची पहिली ओवी तिचीच. पण तिची ओवी ओठात नव्हती, मनगटात होती. जातं फिरलं की शब्द पिठासारखे झरायचे, थांबलं की मुकेच. ती बसली नाही तर तो मान जावेकडं, राजाबाईकडं जाणार. राजाबाईचा गळा म्हणजे कोरडा पडलेला हापसा.

म्हणून सोमवारी नवऱ्यानं, रामकिसननं, तिला शहरात आणलं. डॉक्टर करुणाबाईंनी पाठ चाचपली. स्नायूत चार गाठी आहेत, म्हणाल्या. नेमकी त्यांतच बारीक सुई घातली की त्या सैल पडतात. पेनानं चार जागी फुल्या मारून त्या औषध भरायला आत गेल्या.

भागूबाईनं दाराकडं पाहिलं. जन्मभर तिनं टोचायला मेंढ्या धरल्या होत्या. स्वतः टोचून घेणं निराळं. डॉक्टरीणबाई परतायच्या आत पदर सावरत ती बाहेर आली.

रामकिसननं पदर जरा सरकवून फुल्या मोजल्या. त्याच्या कळपात लस टोचली की मेंढीच्या पाठीवर गेरू ओढतात, पुन्हा तिलाच सुई बसू नये म्हणून. खूण म्हणजे काम फत्ते.

"चारी झाल्या व्हय? आवाजबी नाय केलास," तो कौतुकानं म्हणाला. भागूबाईनं मान हलवली. ती हो होती की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं.

मंगळवारभर त्यानं बायकोचं धाडस गावभर सांगितलं. बुधवारी पहाटे तिला जात्यावर बसवलं, मूठभर बाजरी घातली. दोन फेरे झाले, खांद्यात कळ उठली, आणि कळेबरोबर ओवीही. जात्यापाशी खोटं बोलायचं नसतं, हा आईचा नेम.

'पाठीवर गं चार फुल्या, सुई राहिली शहरात,
भिऊन गं पळाली म्हातारी, दुखणं घेऊन पदरात.'

रामकिसननं खुंटा धरून जातं थांबवलं. "मेंढीबी अशी फसवत नाय गं."

"तिला सुई दिसत नाय आधी."

त्याच दुपारी दोघं पुन्हा दवाखान्यात. सुई गाठीत शिरताच स्नायू कोकरासारखा उडाला, आणि भागूबाईनं डाव्या काखेत रामकिसनची मान आवळली, अगदी मेंढी धरतात तशी. चौथ्या सुईपर्यंत त्याचं तोंड जास्वंदीसारखं झालं होतं. दोन दिवस खांद्याला जड काम नको, एवढं ऐकून घेतल्यावर त्यानं खिशातून गेरूचा खडा काढला, डॉक्टरीणबाईंना विचारलं, आणि बायकोच्या झंपरावर पाठीमागं एक ठसठशीत रेघ ओढली.

रविवारी तोच झंपर घालून ती बसली. खांदा थोडा कुरकुरला, पण खुंटा हाताबरोबर फिरला, हळद पिवळी झरली, मागोमाग ओवी. समोर बसलेली राजाबाई मुकाट्यानं जातं ओढत होती. दळण उरकल्यावर ती गुडघा चोळत उठली आणि रामकिसनला बाजूला घेऊन हळूच विचारती झाली, "भावजी, गेरू उरलाय का थोडा?"