तिसऱ्या मजल्यावरचा काळा बावटा

"बाबांचं त्या संपाचं कुनाला सांगू न्हको गो. आमी एकदा भोगलंय," शकूमावशी मला म्हणाल्या होत्या. मी हसले. म्हटलं, "मावशी, ऐंशी वर्षं झाली. आता लोक उलट पाया पडतील त्यांच्या."

शकूमावशी म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या पंढरीनाथ आजोबांची मुलगी. त्या जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यात राहतात आणि रोज येऊन आजोबांचं जेवणखाण करून जायच्या. आजोबा सत्त्याण्णव वर्षांचे. सेहेचाळीस साली मुंबई बंदरात नौदलातल्या आपल्या खलाशांनी इंग्रजांविरुद्ध संप पुकारून बंड केलं, तेव्हा ते एका जहाजावर सिग्नलमन होते. बावटे चढवून दुसऱ्या जहाजांना निरोप द्यायचे.

माझी मुलगी पूर्वी अडीच वर्षांची. दुपारी ती त्यांच्याकडेच खेळायची. एकदा तिला मांडीवर घेऊन ते सांगायला लागले आणि मी मोबाइल चालू केला.

"शेवटी संपाच्या कमिटीचा निरोप आला, काळा बावटा चढवा. म्हंजे आमी शरन. तोफा आमच्यावर रोखलेल्या, दोर माझ्या हातात. चढवला. जहाजावरची पोरं वाचली. पन माजा दोस्त दगडू आधीच गोळीबारात गेलेला. गावात त्याची आय म्हनली, तो मेला आनि तू कापड चढवून जगलास? तवापास्नं गावात रावलो न्हाय."

मग तुरुंग झाला, नोकरीतून हाकललं, तेही सांगितलं. मी ते सगळं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, या सव्वीस जानेवारीला झेंडा आजोबांच्या हातून फडकवूया.

आधी हात जोडलेले आले, फुलं आली. मग सेक्रेटरी स्वरूपनं "चढवला" इथपर्यंतचाच तुकडा कापून परत टाकला. वर लिहिलं, "शरण जाणाऱ्याच्या हातून तिरंगा?" संध्याकाळपर्यंत तो तुकडा आजूबाजूच्या इमारतींत फिरला. कुणीतरी त्यात भर घातली, ह्यानं दोस्ताला विकलं. असं तर ते कुठेच म्हणाले नव्हते!

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात पोरांचं "ए गद्दार" सुरू झालं. बेल दाबायची आणि पळायचं. एक दगड त्यांच्या खिडकीवर आला, पूर्वी झोपेतून किंचाळत उठली. त्यात शकूमावशी बाजारात घसरल्या, पायाला प्लास्टर, येणं बंद. डबा मीच द्यायचे, तोही आधी दाराच्या भिंगातून जिना रिकामा आहे ना बघून. पावलं वर आली की मी श्वास धरून उभी. कुठल्या मजल्यावर थांबतायत?

"तू दारापासून बाजूला हो आधी," माझा नवरा नीरज म्हणायचा. "घरात लहान मूल आहे आपल्या."

आणि एका सकाळी आजोबांच्या कडीला काळं कापड बांधलेलं दिसलं. मला वाटलं, त्या पोरांनीच बांधलंय. हे आता आत शिरणार. नीरजनं ते काढून कचऱ्यात टाकलं. दुसऱ्या सकाळी मी भिंगाला डोळा लावूनच बसले होते. समोरचं दार उघडलं आणि आजोबा स्वतः बाहेर आले. हातात फाटक्या छत्रीचं काळं कापड. कडीला दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या, आणि क्षणभर ताठ उभे राहिले.

मी दार उघडलं. "आजोबा, हे काय?"

"शरन आलो म्हनून सांगतोय. तवा हा वर गेला आनि तोफा थंड झाल्या. ही पोरं बी थांबतील."

"अहो, आता काळा झेंडा म्हणजे निषेध! मंत्र्यांना दाखवतात तसा. सव्वीस जानेवारी तोंडावर आलीय. त्यांना वाटेल तुम्ही तिरंग्याला विरोध करताय."

"न्हाय गो. दर्यावर सगल्यांना कळतं."

"हा दर्या नाहीये आजोबा, भाईंदर आहे!"

मी गाठ सोडायला हात पुढे केला, तर खालच्या पायरीवर स्वरूप. मोबाइल वर धरलेला. "वहिनी, राहू दे ना. बघू दे सगळ्यांना."

तासाभरात फोटो सगळीकडे. 'प्रजासत्ताक दिनाला काळा झेंडा.' फोटोत माझा हात कापडावर, पायाशी पूर्वी. खाली कुणीतरी लिहिलेलं, समोरची पण सामील आहे, हिलाही बघून घेऊ.

त्याच संध्याकाळी नीरजनं आम्हाला डोंबिवलीला माझ्या आईकडे आणलं. निघताना मी आजोबांना म्हटलं, चला आमच्याबरोबर. ते म्हणाले, "शकू येईल ना. तिला दार कोन उघडेल?" प्लास्टरचं मी त्यांना तीनदा सांगितलं होतं.

कालपासून ते फोन उचलत नाहीयेत. वॉचमन महिपत म्हणतो, कालची दुधाची पिशवी दाराला तशीच लटकतेय.

"मग दार वाजवा ना!"

"मॅडम, मला हितं नोकरी करायचीय."

पोलिसांना फोन करू म्हटलं, तर नीरज म्हणतो, काय सांगणार? अजून कुणी काही केलेलं नाहीये. आणि मी पूर्वीला घेऊन परत जायला निघाले तर तो दारात आडवा उभा राहतो. उद्या सव्वीस. सकाळी सगळी सोसायटी खाली जमेल, आणि मग वर जायला त्यांना कितीसा वेळ लागतो?

म्हणून हे लिहितेय. तुम्ही भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या आसपास राहत असाल तर आजच जा. स्टेशनकडून येताना औषधांच्या दुकानावरची चार मजली इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या उजवीकडचं दार. बेल वाजवू नका, बेलला ते दचकतात. दाराला तोंड लावून हळू सांगा, रसिकानं पाठवलंय. आतून आवाज आला तर मला कळवा. नाही आला तर खालून कुणाला बोलवत बसू नका, दार तोडा.